सेल्फ, डायनामो आणि हिरवी पडलेली अर्थिंगची पट्टी

कराडहून एका सेवानिवृत्त बँक कर्मचारी भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्याकडे २०१६ सालची पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक असून ती आजवर ६८,००० किलोमीटर चालली आहे. गाडी आठवड्यातून दोनदा मंडईपर्यंत जाते आणि महिन्यातून एखाद्या वेळी मुलाकडे पुण्याला. त्या लिहितात: “सकाळी सेल्फ मारला की इंजिन जड फिरते, कधी तर नुसते कट-कट-कट वाजते. सिग्नलला थांबले की हेडलाइट मंदावतात आणि रेस केले की पुन्हा उजळतात. मागच्या महिन्यात पुण्याहून परतताना खंबाटकीच्या घाटात, ट्रकच्या मागे एसी लावून सरकत असताना, तापमानाचा लाल दिवा लागला. थांबून नळाचे पाणी घातले तेव्हा घरी पोहोचलो. इंजिनचे चित्र असलेला पिवळा दिवा अधूनमधून लागतो आणि तेव्हा गाडी मिसिंग करते. बॅटरी अवघी चौदा महिन्यांची आहे. मेकॅनिकने गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढली, गाडी बंद पडली, म्हणून डायनामो गेला असे तो म्हणाला. बॅटरी, डायनामो, सेल्फ आणि रेडिएटर मिळून ३१,००० रुपये सांगितले आहेत. एवढा खर्च करावा की गाडी विकून टाकावी?”

ताई, सप्रेम नमस्कार.

आपली हयात बँकेत गेली आहे, म्हणून आपल्याच भाषेत सांगतो: या अंदाजपत्रकात रकमा चार आहेत, पण व्हाउचर एकालाही जोडलेले नाही. चार वस्तू बदलायला सांगणाऱ्याने त्यांपैकी एकीचेही मोजमाप आपल्याला दाखवलेले दिसत नाही. पत्र वाचून माझा अंदाज असा झाला आहे की पहिल्या दोन तक्रारींचे मूळ एकच असावे, तिसरीत त्याचा हात असू शकतो, आणि चौथी बहुधा स्वतंत्र आणि बरीच स्वस्त आहे. अर्थात माझाही हा अंदाजच. कराडला उभ्या असलेल्या गाडीचे निदान पत्रावरून होत नाही. पत्रावरून एवढेच सांगता येते की काय मोजायचे, कोणत्या क्रमाने मोजायचे आणि किती आकडा आला म्हणजे पर्स उघडायची.

त्याआधी एका गोष्टीला स्पष्ट नकार द्यायला हवा. चालू गाडीच्या बॅटरीची वायर काढून डायनामो, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारे यंत्र, तपासण्याची पद्धत कार्ब्युरेटरच्या जमान्यातली आहे आणि तेव्हा ती खपून जात असे. आपल्या गाडीत इंजिनचा कारभार पाहणारा संगणक आहे, ज्याला गॅरेजमध्ये ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात. बॅटरी वीज साठवते हे खरेच, पण डायनामोच्या विजेतले धक्के गिळण्याचे कामही तीच करते. ती अचानक बाजूला झाली की चौदा व्होल्टचे क्षणभर चाळीसच्याही वर जाऊ शकतात आणि तो फटका ईसीएमपासून म्युझिक सिस्टिमपर्यंत कोणालाही बसू शकतो. शिवाय डायनामो धडधाकट असूनही या प्रकारात गाडी बंद पडू शकते, त्यामुळे या चाचणीने सिद्ध काहीच होत नाही. पिवळा दिवा त्या दिवसानंतर जास्त लागू लागला का, हे जरा आठवून पाहा आणि पुन्हा कोणालाही असे करू देऊ नका.

आता मोजणीकडे वळू. चार-पाचशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे. आपल्या घरी कामाला येणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडेही तो असेलच. त्याची कळ डीसी व्होल्टच्या २० या खुणेवर ठेवावी. रात्रभर गाडी बंद राहिल्यावर, सकाळी दार उघडल्यामुळे लागणारा आतला दिवा विझल्यानंतर, बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांना मीटरच्या सुया लावाव्यात. १२.६ किंवा त्याहून थोडे अधिक व्होल्टेज आले तर बॅटरी भरलेली आहे, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली गेले की ती जवळजवळ रिकामी समजावी. रिकामी बॅटरी आणि खराब बॅटरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकाम्या बॅटरीची परीक्षा घेऊन तिला नापास करणे हा अन्याय आहे, आणि तो दुकानात रोज होतो. आधी ती चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी, काही तास तशीच ठेवावी आणि मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून मीटरकडे पाहावे. इंजिन फिरत असताना आकडा साधारण ९.६ च्या वर टिकला तर ती बॅटरी काढून टाकण्याचे कारण नाही. भरलेली असूनही त्याखाली कोसळली, तर मात्र ती गेली असे समजावे आणि वॉरंटीचे कार्ड शोधावे, कारण चौदा महिन्यांत बहुतेक बॅटऱ्यांची वॉरंटी संपलेली नसते.

डायनामोची परीक्षाही याच दोन खुंट्यांवर होते. गाडी चालू करून हेडलाइट, ब्लोअर आणि असल्यास मागच्या काचेचा डिफॉगर लावावा आणि इंजिन जरा रेस करून आकडा पाहावा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आला तर डायनामो आपले काम करतो आहे. काही गाड्यांत बॅटरी भरलेली असताना पेट्रोल वाचवण्यासाठी व्होल्टेज मुद्दाम उतरवले जाते, म्हणून ही तपासणी दिवे लावूनच करावी, नाहीतर चांगल्या डायनामोवर नाहक आळ येतो. आकडा १५ च्या वर गेला तर उलट रोग आहे, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे, आणि तो बॅटरी उकळवून मारील. डायनामोचा पट्टा ढिला किंवा गुळगुळीत झाला असेल तर गाडी सुरू होताना बॉनेटखालून चिरकल्यासारखा आवाज येतो आणि नेमके सिग्नललाच दिवे मंदावतात. पट्टा बदलण्याचा खर्च डायनामोच्या मानाने किरकोळ असतो, म्हणून तो आधी पाहावा.

हे सगळे आकडे बरोबर आले, तरीही सेल्फ जड फिरतो असे झाले, तर पुढची जी मोजणी मी सांगणार आहे ती आपल्या मेकॅनिकसमोर उभे राहून करून घ्या, कारण माझा खरा संशय तिथेच आहे.

गाडीत वीज बॅटरीच्या लाल बाजूने निघते, काम करते आणि गाडीच्या पत्र्यातून, इंजिनच्या धडातून परत काळ्या बाजूला येते. या परतीच्या वाटेला सगळे अर्थिंग म्हणतात. बॅटरीच्या काळ्या टोकापासून एक जाड वायर किंवा विणलेली पट्टी इंजिन किंवा गिअरबॉक्सला बोल्टने आवळलेली असते आणि एक बॉडीच्या पत्र्याला. सेल्फ फिरताना छोट्या गाडीतही शंभर ते दीडशे अँपिअर वीज या पट्टीतून जाते. बोल्टखाली गंज चढून तिथे एका ओहमचा अवघा शंभरावा भाग एवढा अडथळा झाला, तरी दीडशे अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच जळतात. मग बॅटरी बारा देते, सेल्फपर्यंत पोहोचतात साडेदहा आणि आपण बॅटरीला दोष देतो. हॉर्नला किंवा आतल्या दिव्याला फार थोडी वीज लागते, म्हणून त्यांना हा अडथळा जाणवतही नाही आणि “हॉर्न तर जोरात वाजतो, म्हणजे वायरिंग ठीक आहे” असा चुकीचा निष्कर्ष निघतो. डायनामो इंजिनवर बसवलेला असल्यामुळे दिवे, ब्लोअर आणि पंखा यांची वीजदेखील याच पट्टीवरून त्याच्याकडे परतते, म्हणून सिग्नलला एसीसकट सगळा भार पडला की दिवे खाली येतात. जड सेल्फ आणि मंदावणारे दिवे एकाच गाडीत दिसले की म्हणूनच मी या पट्टीकडे आधी पाहतो.

मोजायचे ते असे. मीटरची एक सुई बॅटरीच्या काळ्या खुंटीवर, तिच्यावरच्या क्लॅम्पवर नव्हे, तर खुद्द शिशाच्या खुंटीवर टेकवावी आणि दुसरी इंजिनच्या एखाद्या स्वच्छ, रंग नसलेल्या बोल्टवर. मग सेल्फ मारावा. आकडा ०.२ ते ०.३ च्या आत राहिला तर परतीची वाट मोकळी आहे. अर्धा व्होल्ट ओलांडला तर बॅटरी, सेल्फ आणि डायनामो या तिघांनाही तूर्त निर्दोष समजून पट्टी सोडवावी. काळ्या खुंटीवरून सुई क्लॅम्पवर सरकवताच आकडा एकदम कमी झाला, तर दोष क्लॅम्पच्याच सांध्यात आहे आणि पाना व सँडपेपर यांवर काम भागते.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. माझ्या स्वतःच्या छोट्या गाडीत मी तीन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या आणि तिसरी घ्यायला निघालो होतो. दुकानात जाण्याआधी केवळ सवयीने ही मोजणी केली तेव्हा मीटरवर १.४ आले. गिअरबॉक्सजवळची पट्टी वरून चांगली काळी, रबरी नळीत गुंडाळलेली होती. नळी चिरली तेव्हा आतली तांब्याची वीण शेवाळासारखी हिरवी पडलेली निघाली आणि बोटाने चिमटताच तिची भुकटी झाली. नवी पट्टी अडीचशे रुपयांना मिळाली. दोन बॅटऱ्यांचे पैसे मात्र गेले ते गेले, आणि त्या दोन्ही मला कोणी विकल्या नव्हत्या, मीच मागून घेतल्या होत्या.

टर्मिनलवर पांढरट-हिरवी पावडर जमली असेल तर तीही काढून घ्यावी. काळे टोक आधी सोडवायचे आणि सर्वांत शेवटी लावायचे, म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासावे, कोरडे पुसावे, घट्ट आवळावे आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून त्या वेळी जवळ काडी, विडी, उदबत्ती काहीही नको. लाल खुंटीला मागाहून जोडलेल्या बारीक वायरी दिसल्या तर त्या कशाच्या आहेत ते विचारा. जास्तीचा हॉर्न, फॉग लाइट, कॅमेरा असे काही थेट बॅटरीवर फ्यूजशिवाय जोडलेले असेल तर ते आधी काढून टाकावे, कारण छोट्या गाड्या पेट घेण्यामागे असली जोडणी हे एक ओळखीचे कारण आहे.

आपल्या वापराचाही यात वाटा आहे, तोही आकड्यात पाहा. गाडी कुलूपबंद असतानाही घड्याळ, सेंट्रल लॉकिंग आणि ईसीएम थोडी वीज खात असतात. ५० मिलिअँपिअरपर्यंत हे ठीक मानले जाते. पण तेवढ्यानेही चोवीस तासांत १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे तीन दिवसांत साडेतीनच्या वर. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते आणि मंडईपर्यंतच्या दहा मिनिटांच्या फेरीत ही तूट भरून निघत नाही. खाते दर आठवड्याला थोडे थोडे उणे होत जाते. शिशाची बॅटरी अशी अर्धपोटी राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि पुढे भरूनही ती भरत नाही. तीन-चार अँपिअरचा छोटा चार्जर घेऊन पंधरा दिवसांतून एकदा रात्रभर लावणे, किंवा आठवड्यातून एक फेरी महामार्गाने उंब्रजपर्यंत करून येणे, यांपैकी आपल्याला सोयीचे असेल ते करावे. दारात गाडी उभी ठेवून दहा मिनिटे इंजिन चालवण्याने मात्र पेट्रोल जाते आणि बॅटरी होती तशीच राहते.

घाटातल्या लाल दिव्याला मी या सगळ्याहून अधिक गंभीर मानतो. आपल्या वर्गातल्या पुष्कळ गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो; थंड असताना निळा दिवा आणि फार तापल्यावर लाल, एवढीच सूचना मिळते. लाल दिवा लागतो तेव्हा उशीर होत आलेला असतो. त्या क्षणी एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरम बाजूला नेऊन ब्लोअर मोठा करावा म्हणजे इंजिनची थोडी उष्णता केबिनमध्ये उतरते, आणि जागा मिळताच बाजूला थांबून इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण अर्धा-पाऊण तास उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर येते.

खंबाटकीच्या चढावर ट्रकच्या मागे सरकताना समोरून वारा मिळत नाही, सगळी भिस्त रेडिएटरच्या पंख्यावर असते. म्हणून रेडिएटर बदलण्याआधी पंखा पाहावा. गाडी उभी ठेवून एसी लावला की बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात पंखा सुरू झाला पाहिजे. झाला नाही तर फ्यूज, रिले (पंख्याला वीज देणारा स्विच), मोटर या क्रमाने तपासावे. मंद फिरला तर वर सांगितलेली अर्थिंगची बाजू पुन्हा आठवावी. पंखा ठीक असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे जाणारी पाण्याची वाट उघडणारी झडप, पाहावा, जो साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला उघडतो आणि चिकटला की रेडिएटर नवा असूनही इंजिन तापते. झाकणाचे रबरही पाहावे, कारण दाब धरला नाही तर पाणी लवकर उकळते. रेडिएटरचा क्रम यानंतर.

आणि ताई, ते नळाचे पाणी. वाटेत अडचणीला घातले ते योग्यच केले, पण ते आत राहू देऊ नका. त्यातल्या क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि कूलंटमधले गंजरोधक पातळ होते. सगळे पाणी काढून, धुवून, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट भरून घ्यावे. ते घट्ट स्वरूपात मिळाले तर डिस्टिल्ड पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे. तयार मिश्रण घेतले तर त्यात आणखी पाणी घालायचे नसते, ही चूक गॅरेजमध्येही होते.

पिवळ्या दिव्याची गोष्ट थोडक्यात सांगता येते. आपल्या गाडीत डॅशबोर्डखाली निदानाचे सॉकेट आहे. त्याला स्कॅनर लावला की ईसीएमने नोंदवलेला कोड वाचता येतो, आणि तो कोड कागदावर लिहून घेतल्याशिवाय पुसू देऊ नये. ०३०१ ते ०३०४ यांपैकी क्रमांक असेल तर शेवटचा आकडा मिसिंग करणारा, म्हणजे ज्यात पेट्रोल नीट पेटत नाही तो, सिलिंडर सांगतो. ०५६२ असेल तर ती व्होल्टेज कमी पडल्याची नोंद आहे आणि आपण पुन्हा त्या पट्टीपाशी येतो. समजा ०३०१ निघाला. प्रत्येक प्लगवर ठिणगीची वीज देणारी स्वतंत्र इग्निशन कॉइल असेल तर पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी, कोड पुसून गाडी फिरवून आणावी. आता ०३०२ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे तीच एक कॉइल बदलायची. पुन्हा ०३०१ च आला तर कॉइल चांगली आहे, मग हाच प्रयोग प्लगवर करावा. या तपासणीला एक रुपयाचा पार्ट लागत नाही. पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येते, पण तो उघडमीट करू लागला तर पुढे जाऊ नये; न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो भाग फार महाग आहे. सेल्फ लागला नाही म्हणून गाडी वारंवार ढकलून सुरू करू नये, तेही याच कारणाने. शेजाऱ्यांची माणुसकी दुसऱ्या कामी येईल.

विकण्याबद्दल आपण विचारले आहे. २०१६ सालच्या गाडीला ६८,००० किलोमीटर हे काही वय नव्हे, आणि सेल्फ, दिवे, मिसिंग या तक्रारींसाठी ती विकू नये. निर्णय अडतो तो घाटात इंजिन किती तापले यावर. म्हणून हे सगळे करण्याच्या आधी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचे धड आणि त्यावरचे हेड यांच्यामधले, पाणी आणि ऑइल वेगळे ठेवणारे सील, तपासून घ्या. गार इंजिनवर डिपस्टिक काढून ऑइलला दुधाळ चहाचा रंग आला आहे का ते पाहावे. गाडी थंड असतानाच रेडिएटरचे झाकण काढून इंजिन सुरू करावे आणि आत एकसारखे बुडबुडे येत राहतात का ते पाहावे. एखाद-दुसरा येऊन थांबला तर ती आत अडकलेली हवा असू शकते. कूलंटची पातळी कुठेही न गळता उतरते आहे का, याची आठवडाभर खूण करून ठेवावी. सगळ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून घ्यावे आणि त्यांतला एखादा इतरांपेक्षा एका बारहून अधिक मागे पडतो का ते लिहून घ्यावे. यांतले काही आढळले तर हेड उतरवण्याचा खर्च लेखी घ्या आणि तो गाडीच्या आजच्या बाजारभावाशी ताडून पाहा. त्या वेळी विकण्याचा विचार रास्त ठरेल, मात्र घेणाऱ्याला दोष सांगून. काही आढळले नाही, तर अर्थिंग, पंखा आणि कोड या क्रमाने जा, आणि ३१,००० रुपयांचा तो कागद मेकॅनिकला परत देऊन प्रत्येक रकमेपुढे मोजलेला आकडा लिहून मागा. तो आकडे लिहून देईल तर त्याच्याकडेच काम करा, माणूस शिकायला तयार आहे असे समजावे. नाही म्हणाला तर कराडात गॅरेजे पुष्कळ आहेत.